सात इंच कोबा, दोन इंच फोम: लातूरमधल्या एका गच्चीचं प्रकरण

गुरुजींनी फोनवर एवढंच सांगितलं, "साहेब, पंखा गरम वाराच फेकायलाय. रात्रीचे बारा वाजले तरी."

अशा तक्रारीवर मी दुपारी जात नाही, रात्री जातो. मे महिन्यातल्या दुपारी लातूरमधलं कुठलंही घर तापलेलंच असतं, त्यातून काही कळत नाही. रात्री साडेआठला पोचलो, चप्पल काढली, दिवाणावर चढलो आणि छताला तळहात लावला. भाकऱ्या झाल्यावर तासाभराने तवा जसा असतो तसं छत. हात ठेवता येतो, पण ठेवावासा वाटत नाही. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला तर छत 43 अंश, पश्चिमेची भिंत 40, बाकीच्या भिंती 37. बाहेर अंगणात तोवर 34 वर उतरलं होतं. अंगणापेक्षा घर गरम, आणि घरात सगळ्यात गरम काय तर झोपणाऱ्याच्या डोक्यावरचं छत.

काँक्रीट ऊन लगेच आत सोडत नाही. गच्चीचा पृष्ठभाग दुपारी दोनच्या सुमारास सगळ्यात जास्त तापतो, पण ती लाट स्लॅब आणि कोबा (गळती रोखायला स्लॅबवर घातलेला विटांच्या तुकड्यांचा जाड थर) ओलांडून खाली यायला पाच-सहा तास घेते. म्हणजे दुपारचं ऊन रात्री आठला घरात पोचतं, नेमकं अंथरुणं पडायच्या वेळेला. पंखा छताजवळची तीच हवा खाली ढकलतो. गुरुजींची तक्रार शब्दशः खरी होती.

घर आणि घरातली माणसं

घर 1998 सालचं. एकमजली, नऊ इंची विटांच्या भिंती, पाच इंची स्लॅब, गच्ची साधारण 800 चौरस फूट, म्हणजे 74 चौरस मीटर. पश्चिमेला रस्ता, तिकडेच मोठी सरकती खिडकी, वर छज्जा नाही. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. काकूंचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. मुलगा पुण्यात नोकरीला, व्हिडिओ कॉलवरून सल्ले देणारा. बजेट दीड लाख. एसी नको, कूलर आहे तो पुरे.

पण कूलर पाण्यावर चालतो, आणि हे लातूर आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी पाणी आणावं लागलं ते हेच गाव. त्या उन्हाळ्यानंतर इथे पाण्याचा हिशेब प्रत्येक घरात ठेवतात, गुरुजींकडे तर वहीत. कूलरला दिवसाला सात-आठ बादल्या पाणी लागतं, असं त्यांनी वही उघडून दाखवलं. वर काकू संध्याकाळी मोलकरणीला सांगून गच्चीवर दोन बादल्या मारून घ्यायच्या, "तेवढाच गारवा."

गच्चीवर गेलो. कठड्याला टेकलेला कोबा बघून शंका आली, म्हणून पावसाळी पाइपाच्या तोंडाशी बॅटरी धरली. दोन थर स्वच्छ दिसत होते. खाली मूळचा चार इंची कोबा, त्यावर तीन इंची दुसरा. दहा-बारा वर्षांपूर्वी छत गळलं, मिस्त्री म्हणाला वरून अजून एक कोबा टाकू, गळती थांबेल आणि घरही थंड राहील. गळती दोन पावसाळे थांबली. घर थंड झालं नाही.

ऊन येतं कुठून

मुलाचा आग्रह आधी भिंतींसाठी होता. परदेशातल्या घरांचे व्हिडिओ बघून त्याला वाटत होतं की चारही भिंतींना आतून काहीतरी लावावं. तिकडे थंडीशी गाठ असते, उष्णता घरातून बाहेर जाऊ द्यायची नसते, त्यामुळे चारी बाजू सारख्याच महत्त्वाच्या. आपल्याकडे सूर्य कुठे आहे ते आधी बघावं लागतं. लातूर साधारण 18.4 अक्षांशावर. मेच्या मध्यावर दुपारी सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो, काठी उभी केली तर सावली पडत नाही. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. पूर्व-पश्चिम भिंतींना सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन लागतं. सगळा मार गच्चीवर. एकमजली घराला तर वाटेकरी म्हणून वरचा मजलाही नाही. दीड लाखातला मोठा हिस्सा गच्चीवर जाणार, हे तिथल्या तिथे ठरलं.

कशावर, हे ठरायला तीन आठवडे गेले. कारण गुरुजींनी पहिल्याच बैठकीत एक अट घातली.

"काय बी करा साहेब. पर डोक्यावर वजन वाढवायचं नगं."

वजन

गुरुजींचं मूळ गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या वाटेवर. तिथलं घर माळवदाचं होतं: तुळया, त्यांवर किलचन म्हणजे लाकडी पट्ट्यांचा थर, आणि त्यावर दीड-दोन फूट पांढरी माती. त्या घरात मेमध्येही गारवा असायचा, हे ते आजही सांगतात. दरवर्षी मृग लागायच्या आधी गळती बंद करायला मातीच्या नव्या पाट्या पडायच्या. जुनी माती कुणी काढत नसे. वीस-तीस वर्षांत थर चढतच जायचा.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गाव झोपलेलं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. गुरुजींच्या घरातलं कोण गेलं ते मी विचारलं नाही. माती डोक्यावर नको, हे मात्र या भागातल्या त्या पिढीला समजावून सांगावं लागत नाही.

आता गच्चीचा हिशेब करा. कोब्याचं वजन घनमीटरला साधारण 1,800 किलो. वरचा तीन इंची थर म्हणजे चौरस मीटरला 135 किलो, सगळ्या गच्चीवर 10 टन. गळती थांबवायला थरावर थर, जुनं कुणी काढत नाही. माळवदाची खोड स्लॅबवर आली होती, आणि ती ज्यांच्या डोक्यावर होती त्यांना पत्ता नव्हता. मी आकडा सांगितला तेव्हा गुरुजी बराच वेळ छताकडे बघत बसले. मग म्हणाले, "धा टन?"

काय काय नाकारलं

पत्र्याची शेड आधी बाद झाली. सावली मिळते, पण पत्रा स्वतः तापून खाली आग ओततो, वादळी वाऱ्यात उडायची भीती, आणि गच्ची कायमची जाते. गुरुजी उन्हाळ्यात तिथेच झोपतात.

आतून फॉल्स सीलिंग करून वर काचतंतू किंवा थर्माकोल, हा शहरातल्या इंटिरियरवाल्यांचा आवडता उपाय. त्याने खोली लवकर गार होते, एसी असेल तर चांगलंच. पण स्लॅब उन्हातच राहतो, रोज तापून फुगतो, रात्री आकसतो, भेगा वाढत जातात. शिवाय थर्माकोल आणि फोम घराच्या आत, वायरिंगच्या शेजारी, ही कल्पनाच मला पटत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017 रोजी आग लागली, 72 माणसं मेली. तिथे बाहेरच्या पॅनेलमधलं पॉलिथिलिन मुख्य दोषी, पण त्यामागे ऊर्जा वाचवायला लावलेला फोमही जळणाराच होता. इन्सुलेशन निवडताना उष्णतेच्या आकड्याइतकंच 'हे कुठे बसणार आणि पेटलं तर काय' हे विचारायला हवं. जळणारा फोम वापरायचाच असेल तर तो काँक्रीटच्या वर, गिलाव्याखाली झाकलेला असावा.

गच्चीवर पीयूएफचा, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा स्प्रे सांगणारा एक जण येऊन गेला. या फोमला सांधे नसतात, हा त्याचा मोठा गुण. पण उघडा राहिला तर उन्हाने पिवळा पडून भुगा होतो, आणि खाली गळती झाली तर कुठून ते शोधता येत नाही, खरवडूनच काढावा लागतो. फोम फुगवायला पूर्वी ओझोनला मारक असा एचसीएफसी-141बी वायू वापरत, भारताने तो 1 जानेवारी 2020 पासून बंद केला. तेव्हा तुम्ही नेमका कोणता वायू वापरता, असं मी विचारलं. "एकदम इको-फ्रेंडली सर," एवढंच उत्तर मिळालं. मी विषय सोडला.

मुलाला नैसर्गिक काहीतरी हवं होतं. पेंढ्याचे गठ्ठे, उसाच्या चिपाडाचे बोर्ड, आणि आपल्या तुराट्या का नाही? प्रश्न रास्त आहे. तुरीच्या पट्ट्यात राहतो, तुराट्यांचे कूड पिढ्यान्पिढ्या बांधत आलो. पण कूड उभा असतो आणि वारा खातो. गळक्या कोब्यावर आडवं पसरलेलं वाळकं काड म्हणजे वाळवीला आमंत्रण. पश्चिमेच्या भिंतीसाठी तो विचार राखून ठेवला.

नुसता पांढरा चुना? हा उपाय मी कुणालाही पहिला सांगतो. ज्याच्याकडे दोन हजारच आहेत त्याने तेवढंच करावं. पांढरी गच्ची ऊन परतवते आणि फरक त्याच रात्री कळतो. पण चुना धुळीने मळतो, दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारावा लागतो, आणि मुळात गच्चीची गळती तशीच राहिली असती.

दोन इंचांचा हिशेब

छतातून किती उष्णता आत येते ते यू-व्हॅल्यूने मोजतात: बाहेर-आत एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट शिरतात. आकडा जितका लहान तितकं बरं. केंद्र सरकारच्या 2018 च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जा-बचतीच्या नियमावलीत, छताला 1.2 ही कमाल मर्यादा आहे. गुरुजींचं छत, सात इंच कोब्यासकट, माझ्या हिशेबाने 1.9 होतं.

वरचा तीन इंची थर काढला तर किती बिघडेल, हे बघायला गेलो आणि मलाच हसू आलं. तो 135 किलोचा थर उष्णतेला जेवढा अडवत होता तेवढं काम एक्सपीएस फोमचे (थर्माकोलच्याच जातीचा, पण बंद पेशींचा फोम) तीन मिलिमीटर करतात, आणि त्या तीन मिलिमीटरचं वजन चौरस मीटरला शंभर ग्रॅम. मग माळवदाचाही हिशेब केला. दीड फूट मातीचा अडथळा म्हणजे जेमतेम एक इंच फोम. एकीकडे सातशे किलो, दुसरीकडे एक किलोसुद्धा नाही.

अर्थात माळवद गार असायचं ते नुसत्या अडथळ्यामुळे नाही. मातीच्या ढिगाऱ्याला तापायलाच अर्धा दिवस लागतो. तोवर रात्र होते आणि उष्णता आली त्याच वाटेने आकाशात परत जाते. फोमला हे जमत नाही, तो काही साठवत नाही. पण फोम स्लॅबच्या वर टाकला तर खालचं काँक्रीट आणि जुना कोबा सावलीत येतात आणि तेच साठवणीचं काम करू लागतात. म्हणून फोम वर, आत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी चुकलो ते इथेच.

जाडी किती? एक इंच फोमने 1.9 चा आकडा पाऊणवर येतो, दोन इंचांनी पाऊणचा साधारण 0.46. पहिला इंच सगळ्यात कमावता, पुढचा प्रत्येक कमी. तरी दोन घेतले, कारण मजुरी आणि वरचं आवरण तेवढंच लागतं, नुसता मालाचा खर्च वाढतो.

गुरुजींना वॅट सांगून उपयोग नव्हता, म्हणून पाण्यात सांगितलं. भर दुपारी तापलेली गच्ची आणि घर यांत तीस अंशांचा फरक धरला तर जुन्या छतातून सव्वाचार किलोवॅट उष्णता आत येते, दोन इंच फोमनंतर एक. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण 0.67 किलोवॅट-तास उष्णता शोषतं. म्हणजे मधल्या सव्वातीन किलोवॅटसाठी कूलर तासाला जवळपास पाच लिटर पाणी उडवत होता. गुरुजींनी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करून पाहिला आणि होकार दिला.

काम

फेब्रुवारीत सुरू केलं. वरचा कोबा ब्रेकरने नाही, छिन्नी-हातोड्याने काढला, जुन्या स्लॅबला हादरे नकोत म्हणून. राबिट, म्हणजे फोडलेला कोबा, ट्रॅक्टरच्या तीन ट्रॉल्या निघालं, गुरुजींच्या शेतरस्त्यावर पडलं. खालचा कोबा सुस्थितीत होता, उतारही बरोबर. भेगा भरल्या, कठड्याच्या कडेने वाटा (कोपऱ्यातला गोलसर गिलावा) नव्याने घेतला, जाळी घालून वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले.

मग पाणी साचवून चाचणी. इंचभर पाणी म्हणजे जवळजवळ 1,900 लिटर, लातूरमध्ये हे बोलायचीही लाज वाटते. मध्ये विटांची पाळ घालून अर्धी गच्ची भरली, तीन दिवसांनी तेच पाणी पंपाने दुसऱ्या अर्ध्यावर घेतलं, शेवटी बागेत सोडलं. गळती नाही.

फोमच्या शीट आल्या तेव्हा गल्ली गोळा झाली. सव्वा मीटर बाय साठ सेंटिमीटर, दोन इंच जाड, वजन सव्वा किलोच्या आसपास. एक पोरगा डोक्यावर दहा शीट घेऊन जिना चढत होता. पूर्ण गच्चीचा फोम मिळून 130 किलो. "म्हणजे मी आन् ही," गुरुजी काकूंकडे बघून म्हणाले. हलकेपणाचा त्रासही आहे: दुपारच्या वाऱ्यात दोन शीट शेजारच्या अंगणात गेल्या. थर्माकोल न घेता एक्सपीएस घेतला तो पाण्यासाठी. थर्माकोलच्या मण्यांमध्ये पाणी शिरतं आणि ओला फोम निरुपयोगी. एक्सपीएसच्या पेशी बंद असतात, तो वॉटरप्रूफिंगच्या वर उघड्या पावसात चालतो आणि खालच्या थराला उन्हापासून वाचवतोही.

वर कापड, कोंबडीजाळी घालून पातळ गिलावा आणि पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक. टाइल्स दुकानांच्या मागे पडलेल्या तुकड्यांतून निवडल्या. हे आवरण चौरस मीटरला 80 किलो, म्हणजे एकूण हिशेबात गच्ची चार टनांनी हलकी झाली.

मनात एक बोच आहे, ती लिहून ठेवतो. एक्सपीएस हे पेट्रोलियमचंच पोर आहे, कुजत नाही, आणि आपल्याकडे जुना फोम परत घेणारं कुणी मला भेटलेलं नाही. 130 किलो प्लास्टिक मी त्या घरावर ठेवलं. पाण्याशी तोललं तर मला सौदा पटतो, पण 'हरित' हा शब्द मी त्या बिलावर लिहिला नाही.

चूक

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात काकूंचा फोन. "दिवसा लई छान वाटतंय. पण रात्री कोंदल्यासारखं होतंय बघा."

रात्री गेलो. छत 35, म्हणजे फोमने त्याचं काम केलं होतं. पण खोलीतली हवाही 35, आणि अंगणात 30. कारण दारातूनच दिसत होतं: नऊ वाजताच सगळ्या खिडक्या बंद. डास, चोर, आणि पहाटे येणारी माकडं. दिवसभर खिडकीतून आलेलं ऊन, गॅस, फ्रिज, माणसं, सगळ्यांची उष्णता आतच कोंडलेली. पूर्वी छत रात्री वर थोडी उष्णता सोडायचं, ती वाट मी फोमने बंद केली होती आणि दुसरी वाट दिली नव्हती. गुरुजी गच्चीवर पांढऱ्या मोझॅकवर गारव्यात झोपत होते. काकू खाली. कोण कुठे झोपतं, खिडक्या किती वाजता लागतात, हे पहिल्या भेटीत विचारायला हवं होतं. मी कोब्याचे थर मोजत बसलो.

दुरुस्ती स्वस्तात झाली. तीन खिडक्यांना गजाच्या आतून डासांची जाळी, आणि जिन्याच्या खोलीत वरच्या बाजूला एक्झॉस्ट फॅन. रात्री नऊनंतर खालच्या खिडक्या उघड्या, जिन्याचं दार उघडं, फॅन चालू. गरम हवा जिन्यातून वर चढते आणि बाहेर पडते, खालून अंगणाची हवा आत येते. रात्रभरात स्लॅब आणि भिंती निवतात. सकाळी साडेसातला सगळं बंद. दुपारी कूलर लावला तरी त्याची दमट हवा त्याच वाटेने निघते.

फॅन बसवताना गुरुजी शिडी धरून उभे होते. म्हणाले, "हे तर साणं झालं की." माळवदाला मधोमध ठेवलेलं भोक, उजेडाला आणि धुराला. मला मातीचा थर तेवढा आठवला होता, साणं आठवलं नव्हतं.

वही

पश्चिमेची भिंत अजून बाकी आहे. बजेट संपलं. खिडकीबाहेर फूटभर अंतर ठेवून बांबूची चिक लावली आहे. ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं, आतला पडदा स्वतः तापून खोलीतच उष्णता सोडतो. भिंतीवर तारा ताणून गुळवेल सोडली, ती छातीपर्यंत आली आहे. पुढच्या सुगीनंतर तुराट्यांचा कूड मांडून बघायचा आहे, भिंतीपासून सुटा, म्हणजे वाळवी लागली तरी उपटून टाकता येईल.

परवा गेलो तेव्हा गुरुजींनी शाळेच्या हजेरीपटासारखी आखलेली वही पुढे केली. तारीख, रात्री नऊचं छत, सकाळी सहाचं छत, कूलरच्या बादल्या. थर्मामीटर माझाच, तो त्यांनी परत दिलेला नाही. शेवटच्या रकान्यात ओळीने तीन, तीन, दोन, तीन. मध्येच एका रविवारी आठ. त्यापुढे शेऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय: "पाहुणे. खिडक्या बंद."